यादीच्या पोटात

परवा फोनवर तू चिडून सांगत होतीस की तुझ्या कंपनीने ब्राउझरच्या आत बसणारे सगळे छोटे प्रोग्राम एका दिवसात बंद करून टाकले. शुद्धलेखन तपासणारा, जाहिराती अडवणारा, भाषांतर करून देणारा, सगळे. "आजी, त्यांनी कामं किती सोपी होतात गं! त्यात कसला आलाय धोका? ऑफिसातली माणसं काय चोर आहेत का?" आणि मागून तुझा भाऊ हसला, की आजीला काय विचारतेस, तिला फोनवरचे फोटो उघडता येत नाहीत. फोटो मला उघडता येतात. मी गप्प बसले ते वेगळ्या कारणाने. लिहून कळवते म्हणाले होते, ते हे. दोघांनीही वाचा.

धोका असतो. आमच्या कचेरीत तर कोणीच चोर नव्हतं, तरी होता.

मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकले आणि लग्न होऊन परभणी जिल्ह्यात आले, हे तुम्हाला माहीत आहे. नोकरी शोधणाऱ्यांची नावं नोंदवणाऱ्या एका कचेरीत मी नोंदणी विभाग सांभाळायची. काम साधं होतं. दहावी-बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली मुलंमुली येऊन नाव नोंदवत आणि आम्ही त्यांना एक पिवळं कार्ड देत असू. दर तीन वर्षांनी येऊन त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर नाव बाद. कुठे जागा निघाली की ती कचेरी आम्हाला कळवायची आणि आम्ही नोंदणीच्या क्रमाने नावं पाठवायचो. ज्याचं नाव गेलं त्याला मुलाखत. ज्याचं गेलं नाही त्याला त्या जागेसाठी अर्जसुद्धा करता येत नसे. त्यामुळे आमच्या यादीत नाव असणं म्हणजे काय, ते चुडाव्याच्या स्टेशनवर पहाटेची गाडी धरून येणाऱ्या पोरींच्या तोंडाकडे पाहिलं की कळायचं.

आमच्याकडेही एक प्रत असायची, जाड पुठ्ठ्याचं कार्ड, लाकडी खणात ओळीने लावलेलं. सगळ्या कार्डांच्या खालच्या भोकातून एक लोखंडी सळई गेलेली असे. एखादं कार्ड काढायचं तर सळई ओढून, बोटांनी ते कार्ड उचलून काढावं लागे. ते काढणाऱ्याला कार्डामागे तारीख आणि सही करावी लागे. हा नियम मीच घातला होता. मला पसारा सहन होत नाही, आजही होत नाही.

एक्क्याण्णवच्या सुमारास आमच्याकडे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, काचेचं दार, खिडकीला पडदे. नारळ फोडला, पडद्यावर हळदकुंकू लागता लागता राहिलं. आम्ही सगळे खोलीबाहेर चपला काढून आत जायचो. यंत्राला धूळ चालत नाही असं शिकवायला आलेल्याने सांगितलं होतं, आणि आमच्या जुन्या कारकुनाने त्यात भर घातली होती की व्हायरस चपलांबरोबर येतो. ते काका फार विनोदी. ज्याचे मोजे फाटके असतील त्याला दारातच म्हणायचे, "राव, व्हायरसला तर खिडकी ठेवलीय तुमी."

वरून आलेलं इंग्रजी परिपत्रक मीच सगळ्यांना मराठीत समजावून सांगितलं. त्यातला एक मुद्दा असा, की मूळ प्रोग्रामखेरीज बाहेरचं काहीही या यंत्रात घालू नये. ते मी पुठ्ठ्यावर चिकटवून काचेच्या दाराला लावलं.

खणांतली कार्डं यादीत चढवायला वर्ष गेलं. मग माझ्या डोक्याला एक भुंगा लागला. एकाच माणसाचं नाव दोनदा असायचं. कोणी शिबिरात नोंदवून पुन्हा कचेरीत यायचा, कोणी कार्ड हरवलं म्हणून नवीन काढायचा. कागदावर ते झाकून जायचं. पडद्यावर एकाखाली एक तीच दोन नावं दिसली की मला ताटात खडा आल्यासारखं व्हायचं.

आमच्या एका लिपिकाचा मेहुणा कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायचा. सभ्य, हुशार माणूस. तो एकदा फ्लॉपी घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, हा छोटासा प्रोग्राम आहे. तुमच्या यादीच्या प्रोग्रामच्या आतच बसतो, वेगळा उघडायला नको. दुबार नावं शोधतो आणि नंतरचं काढून टाकतो. मी एका वाचनालयासाठी केलाय, तिथे झकास चाललाय."

मी दाराकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मग मला वाटलं, हे काही बाहेरचं नाही, आपल्याच माणसाचं आहे, आणि काम तर आपलंच करणार आहे. मी "बसवा" म्हणाले. कागदावर काही घेतलं नाही. दोन नावं एकाच माणसाची आहेत हे तो कशावरून ओळखतो, हेसुद्धा विचारलं नाही.

त्याने काढलेल्या नावांची छापील यादी निघाली, बरीच लांब. पहिलं पान मी कार्डांशी ताडून पाहिलं. सगळी खरोखरच दुबार होती. मला इतकं समाधान झालं की पुढची पानं न उलटता मी सही केली. तेव्हापासून यादी उघडताना पडदा क्षणभर अडखळायचा, दम लागल्यासारखा, आणि मग उघडायची. आम्हाला वाटलं, नावं वाढली म्हणून.

ब्याण्णवचा पावसाळा सरता सरता ती आली. पूर्णेकडच्या एका खेड्यातली, चुडाव्याला गाडीत बसून आलेली, तिशी ओलांडलेली बाई, इस्त्रीची सुती साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातलेले दाखले. पिवळं कार्ड दाखवून आपला नंबर कुठवर आला ते विचारायला आली होती. लिपिकाने पडद्यावर शोधलं आणि सांगितलं, नाव नाही.

"असं कसं न्हाई? हे काय, तुमचेच शिक्के हायती ना?"

"शिक्के आहेत, पण यादीत नाही. मधे एखादा चुकला असेल."

"मोजा की. एक्क्याऐंशीपास्नं एक बी चुकला न्हाई."

आवाज वाढला म्हणून तिला माझ्याकडे आणलं. मी कार्ड पाहिलं. शिक्के बरोबर होते. खणातलं कार्ड शोधायला सांगायचं मनात आलं होतं. पण खण तोवर मागच्या कोठडीत हलवले होते, बाहेर रांग होती, आणि पडद्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं की अशी नोंद नाही. मी म्हणाले, "नवीन नोंद करून घेऊ. आज तारीख पडेल."

तिने पिवळं कार्ड माझ्यापुढे धरलं. "बाई, अकरा वर्सं ह्या रांगेत उभी हाय मी. आता नंबर यायला लागलाय तर तुमी मला पार मागं धाडायलाव."

"नियम आहे," मी म्हणाले. तिने नवीन अर्ज भरला. अक्षर फार सुरेख होतं. लिपिकाने माझ्यासमोर नाव यादीत घातलं आणि ती गेली.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी रांगेत थांबली नाही, थेट माझ्या टेबलापाशी आली आणि एक पत्र ठेवलं. आमच्याच कचेरीचं, टंकलेखकाच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावणारं. खाली माझी सही. पत्र तिच्या नावाचं नव्हतं, तिच्या चुलत बहिणीच्या नावाचं होतं.

"ती जाऊन वर्स झालं," ती म्हणाली. "बाळंतपणात गेली. आमी दोघी संगंच टायपिंग शिकलो, संगंच परीक्षा दिली, संगंच हितं नाव घातलं. रांगेत ती माझ्या म्होरं होती, यवढंच. मेलेल्या माणसाला तुमी बोलवायलाव बाई, अन् जित्याला न्हाई."

काका शेजारच्या टेबलावरून वाकून पत्र वाचत होते. त्यांनी आपल्या सवयीने गंमत केली, "मग जावा की त्याच नावानं. आडनाव एक, वस्ती एक, कोण बघतंय?"

ती त्यांच्याकडे वळली. "काका, तिचं लेकरू मी सांभाळायले. आता तिचं नाव बी घेऊ का? मंग माझं कोण घेईल?"

काकांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. मी यादी उघडायला लावली. पडदा अडखळला, उघडली. चुलत बहिणीचं नाव होतं. हिचं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत घातलेली नवी नोंदसुद्धा नव्हती.

त्या दिवशी मी स्वतः कोठडीत जाऊन खण उघडले. दोघींची कार्डं एकामागे एक होती, सळईत ओवलेली. मी ती शेजारी ठेवली आणि पाहत बसले. आडनाव तेच. नावाचं पहिलं अक्षर तेच, वडिलांच्या नावाचंही तेच. साल तेच. जन्मतारीख एक जून.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं, कारण तुमचे जन्म दवाखान्यात झाले. आमच्या खेड्यांत तेव्हा मूल शाळेत घालताना तारीख कोणाला ठाऊक नसायची. आई सांगायची, पोळ्याच्या आसपास, किंवा जवारी काढायच्या वक्ताला. गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि पुढे एक जून लिहायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि हिशेब सोपा पडायचा. अर्ध्या जिल्ह्याचा जन्म एक जूनचा. आम्ही कचेरीत त्यावर हसायचो. काका म्हणायचे, एक जूनला सरकारने तालुक्याला पेढे वाटावेत. म्हणजे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनही त्या प्रोग्रामला सांगायचं सुचलं नाही.

वाचनालयाच्या यादीत पूर्ण नावं होती, त्यामुळे तिथे तो बरोबर चालला. आमच्या यादीत जागा वाचवायला आडनाव आणि आद्याक्षरं घातलेली. तो आडनाव, आद्याक्षरं आणि जन्मतारीख जुळली की एकच माणूस समजायचा. एका वस्तीत एकच आडनाव, आणि सगळ्यांची तारीख एक. कोणाची नावं सर्वांत जास्त पुसली गेली असतील ते तुमच्या लक्षात येईल. ज्यांच्या आईबापांना तारीख लिहून ठेवायला कोणी शिकवलंच नव्हतं, त्यांची. माझ्या जन्माची तर घटका-पळं वडिलांनी लिहून ठेवली होती.

आणि दुसरी गोष्ट. आम्ही समजत होतो की त्याने एकदा काम केलं आणि संपलं. तो संपला नव्हता. यादीच्या पोटात बसला होता आणि दर वेळी ती उघडली की पुन्हा चाळून जात होता. ते अडखळणं त्याचं होतं. त्याची फाइल पुसून टाकली तरी अडखळणं थांबेना. बसवणारा एव्हाना नोकरीला पुण्याला गेला होता. शेवटी औरंगाबादहून माणूस आला, त्याने सगळं पुसून मूळ प्रोग्राम नव्याने घातला आणि आम्ही कार्डांवरून यादी पुन्हा चढवली. माझी सही असलेल्या छापील यादीची पुढची पानं मी तेव्हा वाचली. आडनावं ओळीने, आणि त्यांच्यापुढे एक जून, एक जून, एक जून, पानभर.

पण तिची मुलाखत त्याआधी होती, आठवड्यावर. मी जागा असलेल्या कचेरीतल्या साहेबांना फोन केला. माणूस चांगला होता. म्हणाला, "चूक तुमच्या कचेरीची, हे लेखी द्या. कोणत्या अधिकाऱ्याकडून काय झालं ते लिहा. तेवढ्यावर मी नाव घेऊ शकतो. नुसतं मोघम पत्र आलं तर माझे हात बांधलेले आहेत, बाकीचे उमेदवार हरकत घेतील."

मी आमच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, वर्षभर राहिलंय तुमचं. परिपत्रक तुमच्याच अक्षरात दारावर आहे. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. 'तांत्रिक कारणास्तव' लिहा. खोटं नाही ते."

खोटं नव्हतं ते. मी खुर्चीत बसून उत्तम इंग्रजीत पत्र लिहिलं, ज्यात कोणी काही केलं नव्हतं. तांत्रिक कारणामुळे एक नाव यादीतून वगळलं गेलं, तरी विचार व्हावा. त्या कचेरीचं उत्तर चार दिवसांत आलं. यादी बंद झाली आहे.

ती उत्तर ऐकायला आली तेव्हा मी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. मी सांगितलं की तुमचं नाव एक्क्याऐंशीच्या जागेवर परत घालतोय, पुढच्या वेळी नक्की जाईल. तिने विचारलं, "पुढची येळ कवा?" मला माहीत नव्हतं. तिला वयाच्या अटीला सहा महिने उरले होते, तेही कागदावरच्या तारखेने. ती दिवाळीतली आहे असं तिची आई सांगायची. ते धरलं असतं तर अकरा महिने झाले असते.

मग ती म्हणाली, "बाई, एक सांगा. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या पायी आमची वस्ती जाळली. पेटीतले दाखले जळाले. मी साळंत चकरा मारमारून दुसरे आणले. तवा कोणी जाळलं ते मी डोळ्यानं बघितलं हाय, त्यांची नावं बी मला ठावं हायती. आता ह्यावेळी माझं नाव कोणी काढलं, ते तेवढं सांगा."

मी म्हणाले, "मशीननं."

तिने काचेच्या दाराकडे पाहिलं. बाहेर चपलांची ओळ होती, आत पडदा उजळलेला होता. "त्याला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

काका, दोन लिपिक, सगळे ऐकत होते. सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणाले, "आपोआप झालं ते."

ती गेली. सहा महिन्यांत टंकलेखकाची जागा निघाली नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझे ते छोटे प्रोग्राम वाईट असतीलच असं मी म्हणत नाही. तो मेहुणाही वाईट नव्हता. पण दुसऱ्याच्या पोटात बसणारी गोष्ट काय वाचते, काय पुसते, कधी थांबते, हे बसवणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं, आणि ज्यांचं पुसलं जातं ते बाहेर रांगेत असतात. तुझ्या कंपनीने बंद केले म्हणून चिडू नकोस. आणि कधी तुला स्वतःला "बसवा" म्हणायची वेळ आली, तर आपलं नाव कागदावर लिहून म्हण. आमच्या त्या फाइलीत ती जागा कोरी आहे. अजूनही फोनवर कसलीशी परवानगी मागणारी चौकट आली की माझा अंगठा वरच्यावर राहतो. तुझ्या भावाला वाटतं, आजीला जमत नाही.

तिला मी आणखी एकदा भेटले. चौऱ्याण्णव साल होतं, विद्यापीठाला नवं नाव मिळून काही आठवडे झाले होते. मी निवृत्त झाले होते. माझ्या पेन्शनच्या कागदांत घोळ निघाला, कारण शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि नोकरीत सासरचं. प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाले. तहसीलच्या आवारात लिंबाखाली टायपिंग करणारे बसत, तिथे गेले. तिसऱ्या टेबलावर ती होती. माझी पावलं थांबली, पण तिने वर पाहिलं होतं आणि समोरचं स्टूल पुढे सरकवलं होतं.

मी कागद दिले. तिने काही न विचारता टाइप करायला घेतलं. एकही अक्षर चुकलं नाही. कागद ओढून काढून तिने मला वाचून दाखवला, गिऱ्हाइकाला दाखवतात तसा, सपाट आवाजात. "वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच असून, हे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देत आहे." मग बोट ठेवलं, "हितं सही करा."

मी सही केली. माझ्या तोंडात तिच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर तयार होतं. चार शब्दांचं होतं. वर्षभर ते मी घोटून ठेवलं होतं, आणि आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं.

"अजून त्याच कचेरीत हाव का?" तिने विचारलं.

"नाही. निवृत्त झाले."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाचा कागद यंत्रावर चढवला.

मी पदराखाली प्रतिज्ञापत्र धरून थोडा वेळ तशीच उभी होते. मग मागचा माणूस म्हणाला, "मावशी, झालं असंल तर सरका," आणि मी सरकले.